बिननावाचे पान

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी पुणे सोडले तेव्हा पिशवीत कपड्यांचा एक जोड, छत्री आणि प्लास्टिकच्या पाकिटात एका मोडी कागदाची झेरॉक्स होती. एसटी ताम्हिणी घाटाला लागल्यावर मी ते पाकीट पिशवीतून काढून मांडीवर घेतले. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "कोर्टाचं काम?" मी हो म्हणालो. खरे सांगायला बराच वेळ लागला असता.

मी मोडी वाचतो, आणि पोटासाठी वाचतो. लोक पत्र्याच्या ट्रंकांतून आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन येतात. जमिनीचा वाद असतो, वाटणी असते, जातीचा दाखला हवा असतो. मी त्यांना ते देवनागरीत लिहून देतो. या कामात एक सवय लागते. कागद हातात आला की डोळे आधी नावे शोधतात. नाव सापडले की खाली रेघ मारायची. बाकीचा मजकूर गिऱ्हाइकाला नको असतो. या सवयीने मला या प्रवासात तोंडघशी पाडले, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

गेल्या भाद्रपदात अशाच एका जमिनीच्या कामासाठी मी तळ्याला गेलो होतो. रायगड जिल्ह्यातले हे लहानसे तालुक्याचे गाव. काम लवकर आटोपले, म्हणून डोंगराच्या अंगाने फिरायला गेलो आणि पांगारवाडी नावाच्या कातकऱ्यांच्या वाडीत पोचलो. कातकरी हे या डोंगरांतले मूळचे आदिवासी. पूर्वी कात काढायचे, नंतर कोळसा पाडू लागले, आता दिवाळी झाली की मुकादमाच्या टेम्पोत बसून वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या दिवशी तिथे पितरांची पाने मांडली होती. सारवलेल्या अंगणात सागाच्या पानांची एक रांग, प्रत्येकावर भात आणि भाजी. एक म्हातारी एकेक नाव मोठ्याने घेऊन पानाभोवती पाणी फिरवत होती. रांगेपासून दूर, पश्चिमेच्या बाजूला, एक पान एकटे होते. त्याच्यापाशी आल्यावर तिने नाव घेतले नाही. नुसतेच पाणी फिरवले.

मी विचारले, "आजी, हे कुणाचं?"

"खाडीपल्याडचीचं."

"नाव?"

"नाव ठावं न्हाय. पोर होती, नेली तिकडं दर्याकडं. मला सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. पान चुकवायचं न्हाय."

हिरूबाई तिचे नाव. तिला मूलबाळ नाही. दिराचा मुलगा बाळ्या तिला सांभाळतो. बाळ्या चाळिशीचा, भट्टीवर विटा थापून खांदे पुढे झुकलेला, बोलायला तिखट. तो ओट्यावरून म्हणाला, "काकी हाय तवर घालंल ती. फुडं मी न्हाय घालायचा. बिननावाच्याला हाक काय मारू, ए बाई म्हनू?"

मी निघताना म्हातारी माझ्या मागे बांधापर्यंत आली. मी जुने कागद वाचतो हे तिने तोवर काढून घेतले होते. म्हणाली, "हा माझं पान घालंल, तिचं न्हाय घालायचा. तू त्या कागदांत बघ बरं. नाव घावलं तर आन. मंग त्याला बोलायला जागा ऱ्हात न्हाय."

मागून बाळ्या ओरडला, "आन बघतोच हायस तर आमच्या घराखालच्या जागंचा कागद पन बघ! त्याला कवा कोन हुडकीत न्हाय!"

त्या कागदाचेही मी पाहिले. तो सापडला नाही.

वर्षभर सवड मिळेल तेव्हा मी पुण्याच्या एका दफ्तरखान्यात बसलो. तिथे कागद रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) असतात आणि सूची मालकांच्या, कामदारांच्या, गावांच्या नावाने असते. विकत घेतलेल्या, उचलून आणलेल्या, घरकामाला जुंपलेल्या माणसांसाठी सूचीत नोंद नाही. ती दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीच्या आडून येतात. मला हवा होता तो कागद हरवलेल्या बैलाखाली सापडला. दिवेआगरच्या एका सुपारीवाल्याने दिघीच्या तरीवरच्या शिपायाला (जिथून होडी खाडीपलीकडे नेते, त्या जागेच्या पहारेकऱ्याला) लिहिलेले पेशवाईच्या अखेरचे पत्र. बैल गेला आहे, आणि घरातली बटीक, म्हणजे गुलाम म्हणून ठेवलेली बाई, तीही गेली आहे. जातीची कातवडीण, म्हणजे कातकरीण, लहानपणी तळ्याकडच्या रानातून आणलेली. घरी तिला चाफी म्हणतात.

झेरॉक्स हातात आल्यावर मी चाफी या शब्दाखाली रेघ मारली.

हिरूबाईच्या सासूच्या सासूला माहीत असलेली मुलगी हीच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकाच मुलीला नेले असेल असे थोडेच आहे? पण रान तेच, दिशा तीच. आणि मला ती हवी होती, हेही खरे.

ती का हवी होती, त्याचे कारण पत्राच्या तळाशी होते. पत्र सुपारीवाल्याचे असले तरी हात त्याचा नव्हता. शेवटी बिकलम (लिहिणाऱ्याच्या नावाची जागा) होते आणि तिथे आमचे आडनाव होते. आमचे मूळ घर म्हसळ्याकडचे, पूर्वज कारकुनी करीत, हे आमच्या घरात अभिमानाने सांगितले जाते. अक्षर सुंदर आहे. बैलाचे वर्णन आणि बाईचे वर्णन एकाच ठेवणीत, कुठेही हात न थरथरता लिहिलेले. मी ते अक्षर पुष्कळ वेळ पाहत बसलो. आजवर ज्या अक्षरावर मी पोट भरले, ते कशाकशाला उपयोगी पडले असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

दुपारी माणगावला गाडी बदलली. म्हसळ्याच्या पुढे रस्ता वळणे घेत उतरू लागतो आणि हवा जड होते. भात निसवले होते. खाचरांवर हिरव्याचा पोपटी झाला होता आणि मधूनच एखादी सर येऊन जात होती. दिवेआगरला पोचेपर्यंत ऊन उतरले.

मुक्काम एका सुपारीच्या वाडीत घरगुती उतरण्याची सोय होती तिथे. मालक बापूकाका, सत्तरीचे, कमरेला पंचा. त्यांनी आल्या आल्या वाडी दाखवली. चक्रीवादळात त्यांची निम्म्याहून जास्त झाडे मोडली. नव्या रोपांना आता कुठे उंची येते आहे. मोडलेल्या खोडांच्या फळ्या करून त्यांनी गोठ्याला कूड घातला आहे. नारळाच्या मुळांशी पाणी नेणारे पाट अजून वाहते आहेत, फक्त विहिरीवर रहाटाऐवजी मोटर बसली आहे.

"पूर्वी शिंपणं कोण करायचं?" मी विचारले.

"गडीमाणसं. घरचीच असायची."

"घरची म्हणजे?"

"घरची म्हणजे..." ते पाटातला पाला पायाने सारू लागले. "घरचीच हो. आमच्या आज्यापर्यंत असं ऐकलंय. आमच्याकडे नव्हती, आमचं घर नंतरचं."

मी पत्रातल्या सुपारीवाल्याचे नाव सांगितले. ते घर गावात राहिले नाही, वाडी तीनदा विकली गेली, असे ते म्हणाले. जागा मात्र दाखवली. तिथे आता एका मुंबईच्या माणसाचे कुंपण आहे आणि कुंपणाच्या आत जुन्या विहिरीचा कठडा दिसतो. कठड्यावर दोराचे खाचे आहेत. मी कुंपणाबाहेर उभा राहून ते पाहिले. पाहण्यासारखे तेवढेच होते.

रात्री काकूंनी नारळाच्या दुधातले वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी वाढली. इतके चांगले बिरडे मी बऱ्याच दिवसांत खाल्ले नव्हते आणि ते चवीने खाल्ले, हेही लिहिले पाहिजे. कशासाठी आलो ते तोवर बापूकाकांना सांगून झाले होते. ते म्हणाले, "पळून जाणार कुठे पण? पुढे समुद्र, मागे खाडी. होडीवाला घेईल तर पलीकडे."

काकू ताक वाढता वाढता म्हणाल्या, "ओहोटीला वर, खाडी अरुंद होते तिथे, मांदाडच्या अंगानं चालत जाता येत असेल की. कातकरणीला खाडी काय नवी? कोलंब्या धरायला उतरतात त्या."

"तू होतीस का तिच्याबरोबर?"

"नव्हते. पण मी पळाले असते तर तरीवर गेले नसते. तिथे शिपाई असतो हे बैलालाही कळतं."

बापूकाका हसले. मीही हसलो. पुढे झोपेपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिले.

सकाळी दिघीला आलो. पहाऱ्याची जुनी चौकी कुठे होती ते कुणाला ठाऊक नाही. आता बंदराच्या क्रेन दिसतात, आणि या काठावरून पलीकडच्या आगरदांड्याला फेरीबोट जाते, मोटारी पोटात घेऊन. बोटीच्या उतारावर शेवाळ होते. माझे लक्ष पाण्याकडे, पाय घसरला आणि मी सपशेल चिखलात बसलो. पाकीट मात्र वर धरलेले होते.

तिकीटवाल्या तरुणाने हात दिला. "चाचा, कागद सलामत, माणूस गारद! एवढं काय हाय त्यात?"

"एक बाई शोधतोय. इथून पलीकडे गेली का, ते पाहायचं होतं."

"कधी गेली?"

"दोनशे वर्षांच्या वर झाली."

त्याने तिकीट फाडून दिले. "मग तुमची बोट चुकली."

पलीकडे जायला थोडाच वेळ लागतो. मी कठड्याला धरून उभा होतो. खाडीचे पाणी गढूळ होते, आणि पूर्वेकडे, जिथे खाडी आत वळते, तिकडे डोंगर एकामागे एक फिके होत गेले होते. त्यातला एखादा तळ्याचा असेल. दिवेआगरच्या वाडीतून बाहेर आलेल्या माणसाला तो दिसला असेल का, याचा मी अंदाज घेत राहिलो. स्वच्छ हवेत दिसावा.

आगरदांड्याहून तळ्याकडे जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात जागा मिळाली. बरोबर दोन कुणबी बायका होत्या, मांडीवर अळूच्या पानांच्या जुड्या. माझ्या चिखलाच्या पँटीकडे पाहून एकीने दुसरीला हळूच विचारले, "लावनीला गेलता काय हा, आता भादव्यात?" दुसरीने पदर तोंडाला लावला.

पांगारवाडीत पोचलो तेव्हा चुली धगधगत होत्या. भात अजून शिजत होता. बाळ्या अंगणात सागाची पाने पुसत होता. मला पाहून उठला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "काकी, कागदवाला आलाय! चिखलात लोळून आलाय!"

हिरूबाई दारात आली. वर्षभरात ती वाळली होती. चौकटीला धरूनच उभी होती. तिने मला पाणी दिले नाही, बस म्हटले नाही. एवढेच विचारले, "घावलं?"

आणि मी, ज्याने ही घटका वर्षभर मनात घोळवली होती, अंगणाच्या मधोमध उभा राहून मोठ्याने म्हणालो, "सापडलं, आजी. तिचं नाव चाफी."

चुलीपाशी बसलेल्या बाळ्याच्या बायकोचा हात थांबला. बाळ्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू माझ्या खांद्यावर साप चढतो आहे.

"ओ कागदवाले," तो म्हणाला, "काय केलात हे?"

मला काहीच कळेना. तो कपाळावर हात मारून हसू लागला, पण ते हसणे सुखाचे नव्हते. "आज नाव घेतलं की मानूस येतं. आदी पान, मंग नाव. भात अजून चुलीवर हाय, आन तुमी तिला बोलवून बसलात!"

हिरूबाई कुणावर ओरडली नाही. बाळ्याच्या बायकोला म्हणाली, "कच्चा असल तरी काढ. उपाशी हुबी ऱ्हायला नको."

मग त्या घरात धावपळ झाली. मी एका बाजूला उभा होतो, कुणाच्या तरी लग्नात ताट सांडलेल्या पाहुण्यासारखा. बाळ्याच्या बायकोने उकळत्या भातातून मूठभर भात काढला. चवळीची भाजी तयार होती, भोपळ्याच्या घाऱ्याही. वर थोडी सुकट ठेवली. हिरूबाई पान घेऊन पश्चिमेच्या कोपऱ्याकडे निघाली, पण मधेच थांबली आणि मला म्हणाली, "वाच. काय लिवलंय ते सगळं वाच. नुसतं नावच कसं असंल?"

मी पाकीट उघडले. गिऱ्हाइकाला मी कधी सगळे वाचून दाखवीत नाही. त्या दिवशी वाचले, अक्षर न अक्षर:

"वाडीतील बैल एक, तांबडा, डावे शिंग मोडके, गेला आहे. तैसेच घरची बटीक, जातीची कातवडीण, तळ्याकडील रानातून लहानपणी आणिली, ती गेली आहे. उजवे मनगटास गोंदण आहे. आपले नाव विचारिता सांगत नाही. मारिले तरी सांगत नाही. घरी चाफी म्हणतात. तरीवर आढळल्यास दोन्ही धरून ठेवावी."

त्यातला प्रत्येक शब्द मी पूर्वी वाचला होता. मधली दोन वाक्येही. त्यांत नाव नव्हते, म्हणून मी पुढे सरकलो होतो.

मग हिरूबाईने हळू विचारले, "चाफी कोन म्हनायचं?"

"मालकाच्या घरचे."

"आन तिनं?"

"तिनं सांगितलंच नाही."

म्हातारी पान हातात धरून तशीच उभी राहिली. बाळ्या पुढे आला. आता तो हसत नव्हता. "म्हंजी हे घातलेलं नाव हाय," तो म्हणाला. "भट्टीवर मुकादम मला काळ्या म्हनतो. मी मेल्यावर काळ्या म्हून हाक मारलीत तर मी येईन काय? आलो तर विटा उचलायलाच येईन."

त्याची बायको म्हणाली, "पन नाव तर हेच हाय कागदात. काहीच नसल्यापरीस..."

"असल्या नावापरीस नसलेलं बरं."

"आन तूच म्हनत व्हतास ना, बिननावाचं पान घालनार न्हाय म्हून?"

बाळ्या काय करणार, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हते. मला वाटते, त्यालाही नसावे. हिरूबाईने त्याच्याकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"तू तिला मालकाच्या नावानं हाक मारलीस," ती म्हणाली. "तिला वाटलं असंल, धरायला आलं कोन."

मी जे कबूल करायचे ठरवून आलो होतो ते तेव्हा बोलून टाकले. म्हणालो, हा कागद ज्याने लिहिला तो आमच्याच घराण्यातला. खाली आडनाव आहे. लिहिणारा आमचा होता.

मला वाटले होते, यावर काहीतरी होईल. मी वर्षभर त्याचे ओझे वाहिले होते. बाळ्याने झेरॉक्स हातात घेतली, बिकलमच्या जागी पाहिले. त्याला मोडी येत नाही. म्हणाला, "अक्षर ग्वाड हाय." आणि परत दिली. हिरूबाईने तर ऐकले न ऐकलेसे केले. माझ्या अपराधात त्यांना रस नव्हता. त्यांच्यापुढे त्या घटकेला एक घाबरलेली बाई उभी होती, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न होता.

"तर मंग तूच परत घे हाक," हिरूबाई म्हणाली. "तुझ्याच घरनं गेली हाय."

हाक परत घेण्याची त्यांची रीत आहे. घरात कुणी चुकून आधी नाव घेतले तर करतात. ज्याने हाक मारली त्याने त्या दिशेला तोंड करून ओंजळीतले पाणी जमिनीवर सोडायचे आणि हाक कशी चुकली ते सांगायचे. बाळ्याच्या बायकोने माझ्या ओंजळीत तांब्यातले पाणी ओतले. मी पश्चिमेकडे तोंड केले. समोर भाताची खाचरे, त्यापलीकडे साग, त्यापलीकडे काही नाही, नुसते आभाळ. खाडी तिथून दिसत नाही.

"काय म्हणू?" मी विचारले.

"खरं असंल ते."

मी पाणी सोडले. म्हणालो, "चुकून त्या नावानं हाक मारली. धरायला नाही आलो."

आवाज फारसा निघाला नाही. हिरूबाईने पुन्हा म्हणायला लावले, मोठ्याने. मी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या घरांतली माणसे बाहेर येऊन पाहत होती. एकाने विचारले, "काय रं, कोनाला धरायला न्हाय आला?" कुणीतरी त्याला गप्प केले.

मग हिरूबाईने पान खाली ठेवले नाही. ते बाळ्यापुढे धरले.

बाळ्याने पानाकडे पाहिले. "मारलं तरी सांगितलं न्हाय म्हनं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळले नाही. त्याने पान घेतले, पश्चिमेच्या कोपऱ्याकडे दोन पावले टाकली, थबकला, आणि परत फिरून ते रांगेतच ठेवले, इतरांच्या बरोबरीने, आपल्या बापाच्या पानाशेजारी. गुडघ्यावर बसून त्याने पाणी फिरवले.

"हाक काय मारू, काकी?"

"मारू नको. ती सांगत न्हाय तर आपन कशाला सांगायचं? घर तिला ठावं हाय."

मग ती बाकीच्या पानांकडे वळली आणि एकेक नाव घेऊ लागली. भात आता शिजला होता. मलाही पान वाढले, ओट्यावर. सुकट तिखट होती. बाळ्याने मला घारी वाढताना विचारले, "मनगटावर गोंदन काय व्हतं, ते न्हाय लिवलं?"

"नाही. नुसतं गोंदण म्हटलंय."

"बैलाचं शिंग कंचं मोडलं ते लिवलंय."

"हो."

"हं," तो म्हणाला, आणि दुसरी घारी वाढली.

ती घरी परत पोचली की नाही, ते कागद सांगत नाही. मी त्याच गठ्ठ्यातले पुढचे-मागचे सगळे पाहिले होते. बैलाचाही पत्ता नाही. निघताना मी हे हिरूबाईला सांगितले. ती दारात बसली होती, डोळे मिटून, थकलेली. म्हणाली, "धरली असती तर लिवलं असतं. तुमी लोक धरलं की लिवता."

हा पुरावा नव्हे. पण इतक्या वर्षांच्या वाचनात मला त्याच्या उलट उदाहरण आठवेना.

संध्याकाळी तळ्याजवळच्या इंदापूरला मुंबई-गोवा महामार्गावर आलो आणि पुण्याची गाडी धरली. ताम्हिणीत धुके उतरले होते. ड्रायव्हरने दिवे लावले. जाताना मी कुणाला तरी काही परत द्यायला निघालो आहे असे मला वाटत होते. माझ्याकडे देण्यासारखे जे होते ते त्यांनी घेतले नाही. जे घेतले ते मी महत्त्वाचे धरलेच नव्हते. हलके वाटायला हवे होते की काय, कोण जाणे. तसे काही वाटले नाही. पायावर दिघीचा चिखल वाळून कातडी ताणली जात होती, आणि ओंजळ अजून ओली आहे असे उगीच वाटत होते.

पुढच्या आठवड्यात दफ्तरखान्यात गेलो. तिथे नव्या सूचीचे काम चालू आहे, आणि ज्याला जो कागद सापडला त्याने त्याची माहिती सांगायची अशी पद्धत आहे. संगणकापुढे बसलेल्या मुलीने गाव विचारले, विषय विचारला. विषयात मी पळालेली बाई आधी सांगितली, बैल दुसरा. मग तिने व्यक्तीच्या नावाचा रकाना उघडला. सुपारीवाल्याचे नाव लिहिले, शिपायाचे लिहिले, बिकलमच्या जागचे आमचे आडनावही मी लिहायला लावले.

"आणि बाईचं? तुम्ही मागे चाफी असं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय."

"ते खोडा."

"मग कोरं सोडू?"

"कोरं नको," मी म्हणालो. "लिहा: नाव सांगितले नाही."

तिने टंकून घेतले आणि विचारले, "पुढचा कागद?"